येळवशीची तारीख

माझ्या चुलतभावाचं तालुक्याच्या गावी सेवा केंद्र आहे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविम्याचे अर्ज, असली सगळी कामं तिथं चालतात. मागच्या पावसाळ्यात मी गावी होते तेव्हा दुपारची तिथंच जाऊन बसायचे, कारण घरच्यापेक्षा त्याच्याकडं नेट बरं चालतं. कोपऱ्यात लॅपटॉप उघडून मी माझं ऑफिसचं काम करायचे, तो त्याचं. एका दुपारी बाहेर भुरभुर लागलेली, आणि एक मावशी पदरानं डोकं पुसत आत आल्या. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून कमरेला खोचलेले. कुठल्याशा योजनेचा अर्ज भरायचा होता. दादानं एकेक रकाना विचारत भरायला घेतला. नाव, गाव, पासबुकाचा नंबर. जन्मतारखेपाशी गाडी अडली. आधारवर नुसतं साल होतं, १९७१. शाळेत त्या कधी गेल्याच नव्हत्या. "मावशी, तारीख सांगा की," दादा म्हणाला. "येळवशीची हाय मी," त्या म्हणाल्या. "बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या सालची येळवस. समदे रानात गेले व्हते आन् माय घरी एकलीच. आदल्या दिशी लढाई संपली म्हणून रेडूत सांगितलं व्हतं म्हणं." दादानं मान डोलावली, ०१/०१/१९७१ टाकलं आणि पुढच्या रकान्यात गेला. त्याचाही इलाज नव्हता. तो रकाना मोकळा सोडला तर अर्ज पुढं सरकतच नाही. मावशींनी छापलेला कागद घेतला, उलटसुलट पाहिला आणि माझ्याकडं वळून विचारलं, "झालं का माय समदं बराबर?"

मी हो म्हणाले. त्यांना बसची घाई होती. पण ते 'बराबर' काही डोक्यातून जाईना. रात्री जेवणं झाल्यावर मी १९७१ सालची मार्गशीर्ष अमावास्या काढायला बसले. आमच्या लातूर-धाराशिवकडं तिलाच वेळा अमावास्या म्हणतात, बोलताना येळवस. ती त्या वर्षी १७ डिसेंबरला होती. ढाक्यात पाकिस्तानी फौजेनं शरणागती पत्करली ती १६ डिसेंबरला. रेडिओवरची लढाई संपल्याची बातमी आदल्या दिवशीची, तीही जुळली. घरात सगळे झोपलेले, आणि मी पडद्याकडं बघत बसलेली. ज्या बाईला जन्मतारीख माहीत नाही असं अर्जानं ठरवून टाकलं होतं, तिनं साल सांगितलं होतं, तिथी सांगितली होती, वर पडताळा घ्यायला देशाच्या इतिहासातली एक घटनाही जोडून दिली होती. शाळेच्या दाखल्यावरच्या कितीतरी तारखांना इतका भक्कम आधार नसतो.

मावशींनी तारीख सांगितली होती. आमच्या रकान्याला ती वाचता आली नाही.

मी पोटापाण्यासाठी जे काम करते त्यातला बराच भाग हाच आहे: तारखेचा मजकूर करायचा, आणि मजकुराची तारीख. संगणकाच्या पोटात तारीख अशी नसतेच, तिथं एक आकडा असतो. १ जानेवारी १९७० च्या ग्रिनिचच्या मध्यरात्रीपासून किती सेकंद झाले, तो आकडा. त्या क्षणी आपल्याकडं पहाटेचे साडेपाच वाजलेले होते. मावशी जन्मल्या तो आपल्याकडचा दिवस या हिशेबानं ६,१७,५६,२०० पासून सुरू होतो. हा आकडा कुणाला वाचून काही कळणार नाही. माणसापुढं ठेवायचा तर त्याचे शब्द करावे लागतात, आणि ते कसे करायचे हे यंत्राला सांगण्यासाठी चिन्हांची एक छोटी भाषाच आहे. सी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत टक्क्याचं चिन्ह देऊन पुढं अक्षर लिहायचं. कॅपिटल वाय म्हणजे चार आकडी साल, स्मॉल एम म्हणजे महिना, कॅपिटल एम म्हणजे मिनिटं. जावा या दुसऱ्या भाषेत गेलात की नेमकं उलटं: कॅपिटल एम महिना, स्मॉल एम मिनिटं. त्यामुळं पावतीवर महिन्याच्या जागी मिनिटं छापली जाण्याचे प्रकार होतात. घड्याळात ४२ मिनिटं झाली असताना छापली तर बेचाळिसावा महिना दिसतो आणि लगेच कुणीतरी ओरडतं. सात मिनिटं झाली असताना छापली तर जुलै दिसतो, आणि कुणालाच संशय येत नाही. या दुसऱ्या पावतीची मला जास्त भीती वाटते. गो नावाच्या भाषेनं ही चिन्हंच काढून टाकली. तिथं एक ठरलेली तारीख आपल्याला हवी तशी लिहून दाखवायची: २ जानेवारी २००६, दुपारचे तीन वाजून चार मिनिटं पाच सेकंद. अमेरिकन रीतीनं महिना आधी घेतला की एक, दोन, तीन, चार, पाच, सहा असा ओळीनं क्रम लागतो. 'अशी लिही' म्हणून नमुना दाखवायची ही रीत मला आवडते.

आमच्याकडच्या लग्नपत्रिकेत तारीख किती तऱ्हांनी येते ते आठवून पाहा. शके, महिना, शुद्ध की वद्य, तिथी, वार, त्याखाली 'दि.' म्हणून इंग्रजी तारीख, मग मुहूर्त 'वाजून मिनिटे' असा. एकच घटका, पण गुरुजींसाठी वेगळी लिहिली, पुण्याहून गाडी धरून येणाऱ्या भाच्यासाठी वेगळी, आणि वार कशासाठी, तर गावचा बाजार त्याच दिवशी आला तर मंडपवाला आधी गाठायला हवा हे बायकांना कळावं म्हणून. वार आणि तारीख जुळत नसतील तर पत्रिका हातात पडल्या पडल्या कुणीतरी फोन करतं. चूक पकडायची सोय लिहिण्याच्या रीतीतच आहे. याच्या दुसऱ्या टोकाला आयएसओ ८६०१, १९८८ साली आलेलं आंतरराष्ट्रीय प्रमाण: आधी साल, मग महिना, मग दिवस, मध्ये आडव्या रेघा. दिसायला रुक्ष. पण मोठं एकक आधी असल्यामुळं नुसता मजकूर म्हणून ओळी लावल्या तरी त्या काळाच्या क्रमानं लागतात, आणि ३ एप्रिल की ४ मार्च हा वाद उरत नाही. यंत्र यंत्राशी बोलत असेल तिथं मी कायम हीच रीत वापरते आणि त्यासाठी कुणाशीही भांडते. माणसासाठी लिहायचं असेल तर मात्र पत्रिका छापणारा आमच्यापेक्षा शहाणा आहे.

जन्मतारखेकडं परत येते. मराठवाड्यात माझ्या आईवडिलांच्या पिढीत विचारा, निम्म्या लोकांचा वाढदिवस १ जूनला निघेल. पोरगं शाळेत घालायला बाप आला, तारीख काही सांगता येईना, मास्तरांनी पोराकडं पाहून साल धरलं आणि शाळा जूनमध्ये सुरू होते म्हणून १ जून लिहिलं. पहिल्या तारखेला जन्मलेला सरकारी नोकर आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, म्हणून ३१ मेला आमच्याकडं कचेऱ्या न् शाळांमधून निरोपसमारंभांची रीघ लागते. हार कमी पडतात. मास्तरांच्या त्या १ जूनबद्दल मला राग नाही. वर्गात पोरगं यावं म्हणून त्यांनी ती लिहिली. पण त्या तारखेचं पुढं यंत्रात काय होतं ते मी रोज पाहते. ब्राउझरमध्ये कुणी १ जून निवडला की प्रोग्रॅम तो भारतातली मध्यरात्र धरतो. मग साठवताना ती ग्रिनिचच्या वेळेत नेतो, म्हणजे साडेपाच तास मागं, आणि मजकूर तयार होतो ३१ मे, १८:३०, शेवटी झेड, म्हणजे ग्रिनिचची वेळ. भारतात काम करणाऱ्या कुठल्याही प्रोग्रॅमरला हे १८:३० लांबून ओळखू येतं. पुढं कुणी त्या ओळीतला वेळ कापून नुसती तारीख उचलली की माणूस एक दिवस आधी जन्मतो. खरं तर जन्मतारीख हा क्षण नाहीच. तिला तास नाही, मिनिट नाही, प्रदेशाची वेळ नाही. तिला क्षणाच्या साच्यात कोंबलं की ती सरकणारच. तिच्यासाठी नुसत्या तारखेचा वेगळा प्रकार असतो, तो वापरायचा, बस.

उलटाही प्रकार होतो, जे तारीख नाही त्याची तारीख होते. त्याच केंद्रात दादा एक्सेलमध्ये गावच्या शेतकऱ्यांची यादी करत होता. रकान्यात गट आणि हिस्सा लिहायचा, १२/३ असा. एंटर दाबलं की समोर १२-मार्च. ५/२ लिहिलं की ५-फेब्रुवारी. आणि रकान्याच्या डोक्यावर त्यानं ७/१२ लिहिलं, तर तिथं ७-डिसेंबर उमटलं. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा, ज्या दोन आकड्यांवर आमच्या भागातल्या माणसाचं सगळं आयुष्य उभं असतं, त्यांचा एक हिवाळ्यातला दिवस झाला. आधी रकान्याचा प्रकार 'टेक्स्ट' करून घेतला की हे थांबतं, आणि दादा आता तसंच करतो. पण एकदा बदललेलं पुन्हा टेक्स्ट केलं तर ७/१२ परत येत नाही, पाच आकडी संख्या येते, कारण आत एव्हाना १९०० सालापासूनच्या दिवसांची मोजणी जाऊन बसलेली असते. हे दुखणं आमच्याच भागाचं नाही. मार्च आणि सेप्ट अशी लघुनावं असलेल्या मानवी जनुकांच्या याद्या एक्सेलमध्ये अशाच तारखा होऊन बिघडत होत्या. शेवटी २०२० साली जनुकांचं नामकरण करणाऱ्या समितीनं ती नावंच बदलून टाकली. सातबाऱ्याचं नाव कोण बदलणार?

२०२४ ची येळवस ३० डिसेंबरला आली होती, सोमवारी. आम्ही सगळे रानात. कडब्याची कोप घातलेली, आत पांडव मांडलेले, हरभरा गुडघ्याला लागलेला, आणि वाऱ्याला भज्जीचा वास. येळवशीची भज्जी ज्यानं खाल्ली नाही त्याला ती सांगून कळत नाही. तुरीचे, वालाचे, वाटाण्याचे ओले दाणे, मेथी, पात, चिंच, सगळं बेसनात शिजलेलं, सोबत बाजरीचे उंडे आणि मडक्यातली गार आंबील. हात धुऊन बसते न बसते तोच फोन वाजला. एका ग्राहकाच्या पावत्यांवर त्या सकाळपासून ३०/१२/२०२५ छापून येत होतं. दिवस बरोबर, महिना बरोबर, साल पुढचं. मी बांधावर उभी राहूनच विचारलं, वाय कॅपिटल आहे का बघ. होता. जावात स्मॉल वाय म्हणजे आपलं नेहमीचं साल आणि कॅपिटल वाय म्हणजे आठवड्याचं साल. आयएसओच्या हिशेबात वर्षाचा पहिला आठवडा तो, ज्यात जानेवारीचा पहिला गुरुवार येतो, आणि आठवडा सोमवारी सुरू होतो. त्या गुरुवारी २ जानेवारी होती, म्हणजे ३० डिसेंबरचा सोमवार २०२५ च्या पहिल्या आठवड्यात गेला. कॅपिटल वाय लिहिलेली ओळ वर्षातले तीनशे साठ-पासष्ट दिवस बरोबर चालते आणि सालाच्या टोकाशी येऊन खोटं बोलते, तेही दर वर्षी नाही. दुरुस्ती एका अक्षराची. पण तोवर लोकांच्या हातात गेलेल्या पावत्या कोण परत आणणार? हमीची मुदत त्या तारखेवर मोजली जाते, हप्ता त्या तारखेवर ठरतो. कागद घेऊन जाणाऱ्यानं वार पाहिला असेल, आकडे पाहिले असतील, साल कोण पाहतो? मी परत येऊन बसले तोवर आंबील संपत आली होती आणि आत्या माझ्यासाठी एक गडवा झाकून ठेवून होती.

गावच्या वाचनालयासाठी आम्ही काही जणी जुन्या माणसांच्या आठवणी नोंदवतो आहोत. सोबत कॉलेजातल्या मुली आहेत, त्यातली एक प्रोग्रॅमिंग शिकते. तिनं हौसेनं गावाचा कालपट करायला घेतला आणि किल्लारीच्या भूकंपाची नोंद जगभरच्या भूकंपांच्या यादीतून उचलली. पहिली प्रत छापून माझ्या आईला दाखवली. आईनं चष्मा लावला, बोट ठेवत ठेवत खाली आली आणि थांबली. "एकोणतीस सप्टेंबर कसं गं? एकोणतीसला तर गणपती बुडवले."

किल्लारीच्या भूकंपाला आमच्याकडं कुणी 'भूकंप' म्हणून तारीख विचारत नाही. ३० सप्टेंबर एवढं पुरतं. अनंत चतुर्दशीची मिरवणूक आटोपून लोक उशिरा झोपलेले, आणि पहाटे चारला काही मिनिटं असताना जमीन हलली. दगड-मातीच्या भिंती, वर हातभर मातीचं माळवद. उन्हाळ्यात गार राहणारं घरच अंगावर आलं. जवळपास दहा हजार माणसं गेली. माझं आजोळ औसा तालुक्यातलं. आमच्या आळीत भिंतींना भेगा गेल्या त्यावर निभावलं, पण पुढं कितीतरी महिने सगळे अंगणात बाजा टाकून झोपत, थंडीतसुद्धा, आणि रात्री कुत्रं भुंकलं तरी आजी उठून बसायची. तो क्षण जगाच्या यादीत २९ सप्टेंबर १९९३, २२:२५ असा आहे, कारण ती यादी ग्रिनिचच्या वेळेत लिहिली जाते. साडेपाच तास मिळवले की पहाटेचे ३:५५. आणि आमच्याकडं जे तीन छप्पन म्हणतात तेही खोटं नाही. त्या मिनिटातले बरेचसे सेकंद उलटून गेले होते. तासमिनिटांत लिहिताना फॉरमॅट उरलेले सेकंद छाटतो, माणूस जवळच्या मिनिटाला जातो. त्या मुलीचा चेहरा पडला. "ताई, पण नोंद तर बरोबर आहे," ती म्हणाली. बरोबरच होती. क्षण एकच, ग्रिनिचच्या वेळेनं अजून रात्रीचे साडेदहासुद्धा वाजले नव्हते. पण ज्या माणसांचा तो दिवस होता त्यांनी दिवसाला काय म्हणायचं ते तिथल्या सूर्यानं ठरवलेलं असतं. आम्ही ओळ बदलली: १९९३-०९-३०, ०३:५५, आणि पुढं अधिक ०५:३०. शेवटच्या त्या साडेपाचात ग्रिनिचचा हिशेबही राहिला आणि किल्लारीही. असली तारीख साठवताना नुसता झेड लावून मोकळं होणं मला पटत नाही. क्षण टिकतो, पण तो कुठून पाहिला ते पुसलं जातं, आणि एकदा पुसलेलं ठिकाण नुसत्या आकड्यातून परत काढता येत नाही.

त्या आठवणींच्या कामात फसली सनही आला, निजामाच्या राज्यातल्या कागदपत्रांवरचा. यायचाच. २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीमुळं निजामकाळातल्या कुणबी नोंदींची शोधाशोध सुरू झाली, तेव्हा घराघरांतल्या पेट्या उघडल्या, उतरंडीमागच्या पत्र्याच्या नळ्या बाहेर आल्या. आमच्याही घरी एक पिवळा पडलेला कागद निघाला. उर्दू कुणालाच वाचता येत नव्हतं. तालुक्याच्या गावी एक निवृत्त शिक्षक आहेत, त्यांच्याकडं नेला. त्यांनी कागद खिडकीच्या उजेडात धरला आणि उजवीकडून डावीकडं बोट फिरवत वाचलं: खुर्दाद, १३४४ फसली. मग स्वतःशीच पुटपुटत बोटांच्या पेरांवर मोजलं, आजर, दय, बहमन, इस्फंदार, फरवर्दी, उर्दीबेहिश्त, खुर्दाद, आणि म्हणाले, "एप्रिल. एकोणीसशे पस्तीस धरा." हैदराबाद संस्थानात फसली साल ऑक्टोबरात सुरू व्हायचं. त्यामुळं डिसेंबरपर्यंत ५९० मिळवायचे आणि जानेवारीपासून ५९१. मी घरी येऊन शोधलं. प्रोग्रॅमिंगमध्ये पंचांगं बरीच मिळतात: इराणी आहे, हिब्रू आहे, इथिओपियाचं आहे, भारताचं राष्ट्रीय शकाचंही आहे, जे २२ मार्च १९५७ पासून सरकारी झालं. हैदराबादचा फसली नाही. महिन्यांची नावं तीच म्हणून कुणी इराणी पंचांग लावलं तर फसेल, कारण तिकडचं साल मार्चमध्ये बदलतं आणि तिथला खुर्दाद मे-जूनमध्ये पडतो. आमच्या जमिनींचा एवढा मोठा काळ या सनात लिहिलेला आहे. हैदराबादचा जमीन महसुलाचा कायदाच १३१७ फसलीचा. तो वाचायची किल्ली आज अशा काही म्हाताऱ्या माणसांच्या बोटांच्या पेरांवर आहे. मी त्या गुरुजींचं मोजणं फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेवलं आणि त्यावरून एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. गुरुजींनी त्यात कितीतरी जुन्या तारखा घालून तपासल्या, आणि एका ठिकाणी अडवून म्हणाले, "पैली आजर सहा ऑक्टोबरला धरली का? मग ठीक."

आपल्या लिपीतल्या आकड्यांचं सुख मात्र सांगायला हवं. ब्राउझरला 'मराठी, भारत' असं सांगितलं की तारीख आपोआप देवनागरी आकड्यांत येते, डिसेंबरसुद्धा मराठीत. पायथॉनला '१९७१' असं देवनागरीत लिहून दिलं तरी तो मुकाट्यानं संख्या करून घेतो. जावास्क्रिप्ट घेत नाही, 'ही संख्या नाही' म्हणून परत करतो. पहिल्यांदा पायथॉननं आमचे आकडे वाचले तेव्हा मला फार बरं वाटलं होतं, अजूनही वाटतं.

तर मग मावशींची येळवस लिहायची कशी? २०१९ मध्ये आयएसओ ८६०१ चा दुसरा भाग आला, त्यात अर्धवट माहीत असलेल्या तारखा लिहायची रीत आहे. १९७१ च्या पुढं नागमोडी चिन्ह लावलं की 'सुमारे'. प्रश्नचिन्ह लावलं की 'खात्री नाही'. जो आकडा माहीत नाही त्याच्या जागी एक्स: साल माहीत, महिना-दिवस नाही, तर १९७१-एक्सएक्स-एक्सएक्स. म्हणजे ठाऊक नसलेल्या जागी १ जानेवारी घुसडायची गरज नाही, हे प्रमाण करणाऱ्यांनीही मान्य केलं आहे. अर्ज बनवणाऱ्यांनी करायचं बाकी आहे. ऋतूंनाही आकडे दिलेत, वसंत २१, उन्हाळा २२, शरद २३, हिवाळा २४. पावसाळ्याला आकडा नाही. आमच्याकडं ज्या ऋतूवर साल ओळखलं जातं तोच नाही. 'पहिल्या पावसात', 'पेरणी उलटली त्या साली', 'गोकुळाष्टमीपर्यंत थेंब नव्हता तेव्हा' असं लोक सांगतात, आणि हे सगळं आम्हाला कुठंतरी ठेवायचं होतं.

म्हणून आमच्या नोंदवहीत तारखेला दोन रकाने केले. एक 'सांगितलेली', एक 'काढलेली'. पहिल्यात माणसाचे शब्द जसेच्या तसे, मधला 'म्हणं' सुद्धा. दुसऱ्यात आम्ही हिशेब करून काढलेली तारीख, आयएसओच्या रीतीनं, आणि कशावरून काढली ते शेजारी. क्रम दुसऱ्यावर लागतो. छापताना पहिला छापतो, कंसात दुसरा. प्रोग्रॅमिंग शिकणारी मुलगी सुरुवातीला नाराज होती. म्हणाली, ताई, दोन ठिकाणी एकच माहिती ठेवू नये असं शिकवतात. मी म्हटलं, एकच नाही गं. एक त्यांनी सांगितलेली आहे आणि एक आपण लावलेला अर्थ. आपला अर्थ उद्या चुकला तर पुन्हा लावायला मूळ नको का? आठवडाभर ती यावर बोलली नाही. मग एक दिवस एका आजोबांची नोंद घेऊन आली, 'निजामाचं राज्य गेलं तो महिना, घरात आबान म्हणायचे', आणि दुसऱ्या रकान्यात तिनं स्वतः लिहिलं होतं १९४८-०९, शेजारी कारण: आबान १३५७ फसली, १७ सप्टेंबरला हैदराबाद मुक्त. एरवी महिन्यावर दिवस जोडल्याशिवाय तिच्या हाताला चैन पडत नाही, इथं तिनं जोडला नव्हता.

दादाला मी मावशींच्या तारखेचं सांगितलं. त्यानं अर्जात दुरुस्ती होते का ते पाहिलं. पुरावा लागतो, आणि पंचांग पुरावा म्हणून चालत नाही. तरी त्यानं मावशींचा नंबर काढून त्यांना फोन लावला आणि सांगितलं, तुमची खरी तारीख सतरा डिसेंबर आहे. त्या म्हणाल्या, "मला ठाऊकच हाय की. येळवस."

सध्या एका नोंदीपाशी आम्ही अडलोय. शेजारच्या तांड्यावरच्या एका बाईंनी लग्नाचं साल सांगितलंय: 'टँकर पहिल्यांदा आला त्या उन्हाळ्यात.' कोणता टँकर, कोणता उन्हाळा, तांड्यावर तिघांनी तीन सालं सांगितली. पहिला रकाना भरलाय. दुसऱ्यात तूर्त १९८एक्स. त्या मुलीनं पंचायत समितीत जुन्या टँकरच्या खेपांच्या वह्या मागायचा अर्ज लिहिलाय, सोमवारी घेऊन जाणार आहे. अर्जावर तारीख कशी घालू म्हणून विचारत होती. मी म्हटलं, वार घाल, महिना अक्षरात लिही आणि साल चार आकडी.